दुसरा फासा

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याची ओसरी. आषाढातली दुपार. पन्हाळीतून पाण्याची धार अंगणात एकसुरी कोसळत होती आणि आत शहाबादी फरशीवर पहिलीतली चार मुलं फासे घेऊन बसली होती. खेळ सोपा होता. एक फासा टाकायचा, दुसरा हाताने फिरवून तेवढाच करायचा, पहिल्याच्या शेजारी ठेवायचा, आणि दोन्ही मिळून जितके होतील त्या आकड्यावर आपला चिंचोका ठेवायचा. दोन वेण्यांतल्या एका मुलीला चार पडले. तिने दुसरा फासा उलटासुलटा करून चार ठिपक्यांची बाजू शोधली, पहिल्याला अगदी चिकटवून ठेवली आणि तर्जनीने एकेक ठिपका दाबत मोजलं, ‘एक, दोन, तीन…’ आठपर्यंत. चिंचोका आठावर गेला. पुढच्या डावात पुन्हा चारच पडले. पुन्हा दुसरा फासा, पुन्हा तर्जनी, पुन्हा एकपासून आठ. तिसऱ्यांदाही तेच. शेजारी बसलेल्या ताईंनी हलकेच विचारलं, ‘बे चोक?’ मुलीने मान वर न करता उत्तर दिलं, ‘आठ!’ इतकं झटकन, की प्रश्न पुरता संपलाही नव्हता. ‘मग हे किती गं?’ ताईंनी फाशांकडे बोट दाखवलं. मुलीने फाशांकडे पाहिलं, तर्जनी उचलली आणि सुरू केलं, ‘एक, दोन, तीन…’

एकाच डोक्यात दोन आठ होते आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

उत्तर दोन्ही वेळा बरोबर होतं, त्यामुळे चूक कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती दुपार मनातून जात नाही. पाढ्याला दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मराठी पाढ्यांची चाल ही एक ठेव आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडावर असलेल्या पिढीने किराणा दुकानात कागद-पेन्सिलीशिवाय हिशेब केले. पण चाल आधी येते आणि अर्थ मागून येतो, कधीकधी येतच नाही. पहिलीतल्या मुलाला ‘बे म्हणजे काय?’ असं विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पाढा’. बे म्हणजे दोन, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मुठीत चिंचोके धरून ‘एकी की बेकी?’ खेळणाऱ्या मुलांना तो ‘बे’ हाताला लागलेला असायचा, कारण मूठ उघडली की जोड्या लावून बघाव्या लागत आणि एखादा एकटा उरतो का ते दिसे. तो खेळ घराघरांतून नाहीसा झाला आणि ‘बे’ फक्त सुरात राहिला. ‘दुणे’चंही तेच. प्रत्येक पाढ्याची दुसरी ओळ ही दुपटीची असते: तीन दुणे सहा, पाच दुणे दहा, सात दुणे चौदा. नऊ पाढे म्हणणारं मूल नऊ वेळा दुप्पट म्हणून जातं आणि आपण दुप्पट म्हटलं हे त्याच्या गावीही नसतं. उत्साह दुणावला, वेग दुणावला असं आपण मोठी माणसं बोलतो, तोच तो शब्द.

फाशाकडे जरा जवळून पाहिलं तर दुप्पट तिथे आधीपासूनच बसलेली दिसते. दोनाच्या बाजूवर एकेक ठिपका समोरासमोरच्या कोपऱ्यांत. चाराच्या बाजूवर दोन-दोनच्या दोन ओळी. सहाच्या बाजूवर तीन-तीनच्या दोन. उरल्या एक, तीन आणि पाच, आणि या तिन्ही बाजूंवर बरोबर मध्यभागी एक ठिपका असतो, ज्याला समोर कुणी नाही. सम बाजूंना मधला ठिपका नसतो, विषम बाजूंना असतोच. आता पाचाचे दोन फासे शेजारी ठेवा. दोन एकटे ठिपके एकमेकांना मिळतात. एका मुलाने हे पाहून ‘त्याला जोडीदार भेटला’ असं म्हटलं होतं. कुठल्याही संख्येची दुप्पट सम का येते, याची यापेक्षा चांगली सिद्धता सहा वर्षांच्या मुलासाठी असेल असं वाटत नाही. म्हणून सुरुवातीला आकडे छापलेले फासे घेऊ नयेत. ‘५’ या आकृतीत पाच वस्तू नाहीत, आणि त्यात एकटा पडलेला ठिपका तर नाहीच नाही.

ठिपक्यांचा दुसरा फायदा नजरेचा. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या खोक्यात काळ्या शेंगबिया टाकायच्या आणि न मोजता, एका दृष्टिक्षेपात किती पडल्या ते सांगायचं. हजारावर वेळा त्याने हे केलं. तीन आणि चार बियांच्या बाबतीत तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. माणसाची नजर न मोजता साधारण चारपर्यंतच पोचते. मग फाशावरचे पाच आणि सहा आपण क्षणात कसे ओळखतो? मांडणीमुळे. विखुरलेल्या सहा बिया मोजाव्या लागतात, तीन-तीनच्या दोन ओळी मोजाव्या लागत नाहीत. म्हणजे सहा ओळखताना नजर गुपचूप तीनाची दुप्पट करत असते. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे एकदा पाहतो आणि पानं-फळं किती ते सांगतो. सारथी झालेला नळ रथ थांबवून, उतरून मोजतो, संख्या जुळते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, फाशांचं मर्म. त्या काळी बेहड्याच्या बियाच फासे म्हणून टाकत असत, हे लक्षात घेतलं की झाड बेहड्याचंच का, ते कळतं. एका नजरेत ओळखणं आणि एकेक मोजणं, या दोन गोष्टींतलं अंतर इतकं जुनं आहे. ओसरीवरची ती मुलगी नळासारखी दरवेळी रथ थांबवून उतरत होती. तिचं मोजणं चुकीचं नव्हतं. तिला अजून झाडाकडे बघता येत नव्हतं.

फासे म्हटलं की काही घरांत आजी-आजोबांच्या कपाळाला आठी पडते. घरात द्यूत नको, म्हणतात. त्यांना सरळ सांगावं की इथे पणाला काही लावायचं नाही, आणि दुसरा फासा तर टाकायचाच नाही.

हा मुद्दा जरा विस्ताराने सांगायला हवा, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. दुप्पट शिकवायची म्हणून दोन फासे हातात देतात आणि ‘सारखे पडले की दुप्पट’ असा खेळ लावतात. दोन फासे टाकले की ३६ शक्यता होतात आणि त्यातल्या फक्त ६ वेळा दोन्ही सारखे पडतात. म्हणजे सरासरी सहा डावांत एकदा. चार मुलं खेळत असतील तर एखाद्या मुलाच्या वाट्याला दहा मिनिटांत जेमतेम एखादी दुप्पट येते, आणि तीही दोन दुणे चार निघाली तर संपलंच. उरलेल्या वेळात मुलं वाट बघायला शिकतात, फार तर साधी बेरीज करतात. त्याहून वाईट म्हणजे दुप्पट ही नशिबाने घडणारी गोष्ट आहे असा समज होतो. ती घडत नाही, करावी लागते. समोर जे आहे तेवढंच आणखी एकदा आणून शेजारी ठेवणं म्हणजे दुप्पट. म्हणून पहिला फासा नशिबाचा आणि दुसरा आपल्या हाताचा. मूल तो दुसरा फासा बोटांत फिरवत असतं, हवी ती बाजू शोधत असतं, तेव्हा होणारा तीन-चार सेकंदांचा उशीर हाच खरा धडा आहे. मोठ्यांना तो उशीर सहन होत नाही, ते हात पुढे करून फासा सरळ करून देतात. देऊ नये. दोन्ही फासे वेगळ्या रंगांचे असले तर आणखी बरं: लाल टाकायचा, पांढरा जुळवायचा. एकाच रंगाचे असले तर टाकलेला कोणता आणि ठेवलेला कोणता यावरून भांडण होतं आणि रडीचा डाव सुरू होतो.

मग शब्दाचं बघू. ‘दुप्पट’ या शब्दात मुलांना ‘दोन’ ऐकू येतो आणि ती दोन मिळवतात. चाराची दुप्पट सहा, पाचाची दुप्पट सात. ही चूक इतकी सर्रास होते की ती धरूनच चालावं. ती लपून राहते, कारण आपण पहिलं उदाहरण दोनाचं घेतो. दोन आणि दोन चार. दोनात दोन मिळवा की दोनाची दुप्पट करा, उत्तर एकच. मूल चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोचतं, आपण शाबासकी देतो आणि चूक पक्की होते. सुरुवात पाचापासून करावी. दोन हात, दहा बोटं. इथे कुणी सात म्हणालं तर त्याचे स्वतःचेच हात त्याला खोटं पाडतात. मग एक, मग चार, मग तीन, आणि दोन सगळ्यांत शेवटी. घरात याची उत्तम जागा म्हणजे भाताचं पातेलं. तांदळाच्या दुप्पट पाणी. एक वाटी तांदळाला ‘आणखी दोन’ असं ऐकणारं मूल तीन वाट्या पाणी ओतायला निघतं आणि दुप्पट ऐकणारं दोन. तीन वाट्यांचा भात गिचका होतो, आणि ती चूक जेवताना प्रत्येक घासाला कळते. ‘दुप्पट’ऐवजी सुरुवातीचे काही दिवस ‘तेवढेच अजून एकदा’ असं म्हणावं. ‘चार, आणि तेवढेच अजून एकदा.’ शब्द जरा लांब होतो, पण त्यात कुठेही दोन नाही. कल्पना बसली की मग तिला दुप्पट हे नाव द्यावं. मोठ्यांच्या जगात हा शब्द पुढे भेटणारच आहे. दामदुप्पट भेटेल, जिथे एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये असा आपल्याकडचा जुना कायदा होता: मुद्दल, आणि फार तर तेवढंच अजून एकदा.

आता पाट आणि फासे. जाड पुठ्ठ्यावर पाच गुणिले पाच घरं आखावीत, प्रत्येक घर चार सेंटिमीटरचं. मधलं घर रिकामं सोडलं की चोवीस उरतात, आणि २, ४, ६, ८, १०, १२ हे सहा आकडे प्रत्येकी चार वेळा बरोबर बसतात. एकच आकडा दोन शेजारच्या घरांत येऊ देऊ नये. एकाला चिंचोके, दुसऱ्याला राजमा किंवा शर्टाची बटणं. टाकलेल्या फाशाची दुप्पट करायची, त्या आकड्याच्या कुठल्याही मोकळ्या घरात आपली खूण ठेवायची. ओळीत चार झाले की जिंकला. पाच वर्षांच्या मुलांना तीनच पुरे, नाहीतर खेळ लांबतो. एकाच फाशाची दुप्पट असल्यामुळे सहाही आकड्यांना सारखी संधी मिळते, कुठलंही घर वांझ राहत नाही. दोन फाशांच्या बेरजेच्या पाटावर सात सारखा येतो आणि बारासाठी मूल हात जोडून बसतं, तसं इथे होत नाही. एखाद्या आकड्याची चारही घरं भरली आणि पुन्हा तेच दान पडलं, तर काय करायचं हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवावं. ‘समोरच्याचा चिंचोका उचल’ हा नियम मोठ्यांना गमतीचा वाटतो. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत त्याने पाणी येतं आणि गणित तिथेच थांबतं. फासा पुन्हा टाकू द्यावा.

लुडोच्या डब्यातला फासा यासाठी फार बारीक. ठिपके एकमेकांत मिसळतात, फासा घरंगळत पलंगाखाली जातो आणि त्याच्यामागे चारही मुलं जातात. शहाबादी फरशीवर तो सांध्यात अडकून तिरका उभा राहतो, मग ‘पाच!’ ‘नाही, तीन!’ सुरू होतं. तिरका पडला की पुन्हा, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगावा, आणि फासा मिठाईच्या खोक्याच्या झाकणात टाकावा. त्याहूनही छान युक्ती म्हणजे बडीशेपेच्या पारदर्शक डबीत फासा बंद करायचा आणि डबीच हलवायची. फासा हरवत नाही, तिरका राहत नाही, खालच्या मजल्यावरचे तक्रार करत नाहीत. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सुटा लहान फासा जमिनीवर असूच नये, सरळ तोंडात जातो. मोठे फोमचे फासे बोहरी आळीत, तुळशीबागेच्या खेळण्यांच्या दुकानांत मिळतात आणि वर्गासाठी ते उत्तमच. पण घरी केलेला फासा वेगळाच. जुनी व्हिजिटिंग कार्डं घ्यावीत. दोन कार्डं एकमेकांवर आडवी-उभी, बरोबर मध्यावर ठेवायची आणि बाहेर आलेली टोकं एकमेकांवर दुमडायची. प्रत्येक कार्डाचा एक चौरस आणि दोन पाकळ्या तयार होतात. अशी सहा कार्डं, पाकळ्या बाहेर ठेवून एकमेकांत गुंतवली की घन होतो, गोंद लागत नाही. आणखी सहा कार्डं त्याच पाकळ्यांखाली सरकवली की बाजू सपाट होतात. त्यावर ठिपके म्हणून टिकल्या चिकटवायच्या. एका फाशाला एकवीस टिकल्या लागतात, मखमली असल्या तर बोटाला जाणवतात. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात ठेवायची, एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तीनासमोर चार. मोहेंजोदडोच्या फाशांवर एकासमोर दोन, तीनासमोर चार, पाचासमोर सहा अशी मांडणी सापडते, त्यामुळे सात हा काही निसर्गनियम नाही. पण हुशार मुलं फासा उचलून खाली काय आहे ते बघतातच, त्यांना तिथे काहीतरी सापडू द्यावं. कागदी फासा फार हलका होतो, म्हणून शेवटचं कार्ड लावण्याआधी आत वर्तमानपत्राचा घट्ट बोळा भरावा. तांदूळ भरले तर ते खाली बसतात आणि फासा घरंगळतच नाही, जिथे पडला तिथे बसून राहतो.

टिकल्या चिकटवतानाच निम्मं शिकणं होऊन जातं.

खेळात काय बिघडतं, ते मुलाच्या बोटाकडे पाहून कळतं; उत्तराकडे पाहून नाही. काही मुलं सगळे ठिपके एकपासून मोजतात. काही पहिला फासा न मोजता ‘चार’ म्हणतात आणि दुसऱ्यावर ‘पाच, सहा, सात, आठ’ करतात. ही मोठी पायरी आहे आणि बाहेरून ती दिसतही नाही. मधल्या काळात एक ठरावीक चूक होते: पहिला फासा चार, आणि दुसऱ्यावर पहिलं बोट ठेवतानाच पुन्हा ‘चार’. चार, पाच, सहा, सात. उत्तर एकाने कमी येतं. सापशिडीत आपण ज्या घरात उभे आहोत तेच ‘एक’ म्हणून मोजणारं मूल नेमकं हेच करत असतं. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमानी यांनी २००८ साली अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा घरांच्या सरळ पट्टीवर खेळवलं. चार बैठका, प्रत्येक जेमतेम पाव तासाची, आणि मुलांची संख्यांची जाण स्पष्ट सुधारली. त्यांच्या खेळात एक बारीक अट होती. पुढे सरकताना ‘एक, दोन’ म्हणायचं नाही. ज्या घरात पाय पडला त्या घराचा आकडा म्हणायचा. पाचावरून दोन घरं पुढे जाताना ‘सहा, सात’. आपल्या घरच्या सापशिडीलाही ही अट लावून बघावी, एकाने कमी पडण्याची चूक आपोआप विरघळते. दुपटीच्या बाबतीत उपाय आणखी सोपा: पहिला फासा तळहाताने झाकायचा. ‘किती होते?’ ‘चार.’ आता झाकलेले ठिपके मोजता येत नाहीत, आणि दुसऱ्या फाशावरचा पहिला ठिपका पाच म्हणावाच लागतो.

घाई मात्र कुणी करू नये. ‘चल, पटकन सांग’ म्हटलं की मूल पाढा म्हणतं किंवा शेजाऱ्याकडे बघतं. १९७२ साली ग्रोएन आणि पार्कमन या संशोधकांनी पहिलीतल्या मुलांना बेरजा घालून उत्तराला लागणारा वेळ मोजला. दोन संख्यांतली धाकटी संख्या जितकी मोठी तितका वेळ जास्त, पण सारख्या संख्यांची बेरीज आली की हा नियम मोडतो. दोन आणि दोनाला जेवढा वेळ, जवळपास तेवढाच चार आणि चाराला. म्हणजे दुपटी लवकर आठवणीत जाऊन बसतात आणि पुढे बाकीच्या बेरजांना आधार देतात. सहा आणि सात किती, हे सहाच्या दुपटीत एक मिळवून मिळतं. दोन फासे खरंच टाकायचे असतील तर ते या टप्प्यावर. ३६ पैकी १० वेळा फासे शेजारच्या संख्या दाखवतात, तेव्हा त्यातला धाकटा दुप्पट करायचा आणि वर एक. आठवणीत जायला पुनरावृत्ती लागते हे खरंच, पण ती मुलाच्या वेगाने. दिवसाला दहा-बारा मिनिटं, तीन किंवा चार मुलं. पाचवं मूल आलं की वाट बघणं वाढतं आणि कुणीतरी चिंचोका नाकात घालतं.

सहाच्या पुढे फासा संपतो. तिथे बोटं कामाला येतात, पण एका मुलाची पुरत नाहीत. दोन मुलं समोरासमोर बसवायची आणि दोघांनी सात बोटं दाखवायची: एक पूर्ण पंजा आणि दुसऱ्या हाताची दोन. दोघांचे पूर्ण पंजे एकमेकांना टेकवायचे, टाळीसारखे. ते दहा. उरली दोन आणि दोन. चौदा! आठाला तीन आणि तीन, नवाला चार आणि चार. सातची दुप्पट ही मुलांना सगळ्यांत जड जाते, आणि आपली भाषा इथे जरा अडवते. दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस, हे चित्र वापरायला जावं तर आठवड्याच्या नावात आठ बसलेला आणि पंधरवड्यात पंधरा. सात कुठेच नाही. त्यापेक्षा ते टेकलेले पंजे बरे. लाल-पांढरे मणी पाचा-पाचाने बदलणारी वीस मण्यांची माळ असली तर तेच पुन्हा माळेवर दाखवावं. फासाच हवा असेल तर लाकडी ठोकळ्यावर ४ ते ९ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात. आता आकडे चालतील, कारण ठिपके डोक्यात गेलेले असतात.

दुसरीत गेल्यावर दोन फाशांची एक संख्या करता येते: लाल दशक, पांढरा सुटे. लाल फाशाच्या पाच आणि सहाच्या बाजूंवर एक आणि दोन चिकटवावेत, म्हणजे संख्या ४६ च्या पुढे जात नाही आणि दुप्पट शंभराच्या आत राहते. लाल तीन, पांढरा सहा: छत्तीस. तीस आणि तीस साठ, सहा आणि सहा बारा. मूल म्हणतं, ‘साठ आणि बारा’. आणि थांबतं. गणित झालेलं असतं, अडलेलं असतं ते ‘बहात्तर’. या शब्दात सत्तर शोधून काढावा लागतो आणि दोन तर आधी बोलून झालेले असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागचा विचार शांतपणे मांडला, तरी विनोद थांबले नाहीत. एकवीस, बावीस, बहात्तर हे शब्द आपले आहेत आणि ते राहावेत असं मनापासून वाटतं. पण दुप्पट करताना अडलेलं मूल समोर असेल तर ‘साठ आणि बारा’ हे पूर्ण उत्तर मानून आधी शाबासकी द्यावी. बहात्तर त्यानंतर, वेगळ्या श्वासात.

या सगळ्यात एक खेळ असा आहे, ज्यात बोट चालत नाही. फासा स्टीलच्या वाटीखाली झाकून सरकवायचा. ज्याचा डाव त्याने वाटीची कड उचलून एकट्याने बघायचं आणि मोठ्याने फक्त दुप्पट सांगायची. समोरच्याने फासा किती ते ओळखायचं. वाटी उचलली की लगेच निवाडा, मोठ्या माणसाची गरज नाही. यात दुप्पट आणि निम्मं दोन्ही एकाच डावात होतात, एकाच्या तोंडी दुप्पट आणि दुसऱ्याच्या डोक्यात निम्मं. कुणी ‘नऊ’ म्हणालं की वाटी उचलण्याआधीच वाद पेटतो, नऊ होऊच शकत नाही म्हणून. त्या वादात पडू नये. त्यांना भांडू द्यावं, तिथे मधल्या एकट्या ठिपक्याची आठवण कुणाला तरी होते.

श्रावणात त्याच ओसरीवर हा वाटीचा खेळ चालला होता. ऊन-पाऊस चालू होता, फरशीवर कवडसा येऊन जात होता. दोन वेण्यांच्या त्या मुलीने गेल्या काही दिवसांत एकपासून मोजणं सोडलं होतं. पहिल्या फाशाला एकदाच हात लावून ‘चार’ म्हणायची आणि पुढे पाच, सहा, सात, आठ. आज मात्र दुसरा फासाच नव्हता, आणि असलेला वाटीखाली होता. तिने वाकून, गाल जवळजवळ फरशीला टेकवून, वाटीची कड उचलली. पाहिलं. वाटी खाली ठेवली आणि तिच्यावर दोन्ही तळहात दाबले. कुणी घाई केली नाही. ओठ किंचित हलले. बोटं वाटीवर होती, त्यामुळे ती चालली की नाही ते दिसलं नाही. सुरातला आठ आला, की ठिपक्यांतला, की मनातल्या मनात तिने दुसरा फासा शेजारी आणून ठेवला, हेही कळायला मार्ग नव्हता.

‘आठ,’ ती म्हणाली.

समोरचा मुलगा छताकडे बघत राहिला. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून धरले होते. मग तो ओरडला, ‘चार! उचल, उचल वाटी!’